माणदेशातले भिजत घोंगडे

कलाकुसरीच्या व्यवसायात एखाद्या स्त्रीने नाव मिळविले, की तिच्या सत्काराच्या सभेत एक वाक्य हमखास कानी पडते. घर आणि व्यवसाय यांचा तोल सांभाळताना तिने तारेवरची कसरत केली, असे अध्यक्ष सांगतात; टाळ्या पडतात आणि शाल-श्रीफळ देऊन समारंभ आटोपतो. ही तार एवढ्या उंचीवर कोणी बांधली, आणि तिच्याबरोबर त्याच घरात राहणाऱ्या पुरुषाला त्या तारेवरून का चालावे लागत नाही, हा प्रश्न सभेत कोणी विचारीत नाही. कसरतीचे कौतुक करणे सोपे असते, तार खाली उतरवायची तर पुष्कळांना हात लावावा लागतो. म्हणूनच कारागीर स्त्रीच्या संसाराचा आणि तिच्या कलेचा हा प्रश्न आपल्याकडे वर्षानुवर्षे भिजत पडला आहे. तो नीट पाहावयाचा असेल, तर भिजत घोंगडे हा वाक्प्रचार ज्या वस्तूवरून आला त्या वस्तूच्या गावी, म्हणजे माणदेशात, जाणे योग्य ठरेल.

सातारा जिल्ह्याच्या पूर्व टोकाला माणगंगेच्या काठी म्हसवड वसले आहे. सिद्धनाथाचे देवस्थान आणि मार्गशीर्षातील रथयात्रा यांमुळे ते सर्वदूर परिचित आहे. पलीकडे सांगली जिल्ह्यातील आटपाडीचा मुलूख लागतो. सह्याद्रीने अडविलेल्या पावसाचे उरलेसुरले दान पदरात घेऊन जगणारा हा सगळा टापू आहे. जेथे ऊस आणि भात यांचे लाड चालत नाहीत, तेथे माणसाने मेंढीचा आधार घेतला. मेंढीबरोबर धनगर आला, लोकरीबरोबर सणगराचा माग आला आणि मागावरून घोंगडी उतरली. पावसात डोक्यावर, थंडीत अंगावर, लग्नकार्यात पाहुण्याच्या आसनाखाली आणि बिरोबा-खंडोबाच्या पूजेत देवापुढे, अशी सर्वत्र वावरणारी दुसरी वस्तू या भागात नाही. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) वाचलेल्यांना हे जग नव्याने सांगावयास नको.

विणकर कोण?

घोंगडीचा कारागीर कोण, असे विचारले तर उत्तर मिळते, मागावर बसतो तो. ते उत्तर अर्धेच खरे आहे. मेंढ्या कातरल्यावर मिळालेली लोकर निवडावी लागते. काळी, पांढरी, करडी अशी वेगळी काढावी लागते. कोकराच्या पहिल्या कातरणीचे मऊ जावळ बाजूला ठेवावे लागते. मग ती पिंजणे आणि कातणे. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून खळ करणे. ताणा पसरून त्यावर कुंच्याने ती खळ चढविणे. यानंतर खड्डामागावर धोटा फिरू लागतो. मागावरचे काम दोन-चार दिवसांत उरकते, त्यामागची निवड आणि कताई मात्र त्याच्या कित्येक पट वेळ खाते. हा मागचा सारा खटाटोप परंपरेने प्रामुख्याने घरच्या बायकांकडे राहिला. सूत किती बारीक निघावे, काळ्यात पांढरा किती मिसळला म्हणजे करडा रंग साधेल, काठाची पट्टी कोणत्या लोकरीची शोभेल, याचे पुष्कळसे निर्णय माग सुरू होण्यापूर्वीच, चरख्यापाशी आणि अंगणात घेतले जातात.

आजच्या भाषेत याच निर्णयांना डिझाइन म्हणतात. भारत सरकारच्या विनंतीवरून अमेरिकन संकल्पक चार्ल्स आणि रे ईम्स या दांपत्याने १९५८ साली एक अहवाल लिहिला. त्यातून पुढे १९६१ साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी आपल्या साध्या लोट्याची मुक्तकंठाने प्रशंसा केली. लोट्याचा आकार कोणा एका माणसाने ठरविलेला नाही, पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापरातून तो घडत गेला, हे त्यांनी ओळखले होते. घरातल्या वाकळीचेही तसेच आहे. जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे, सदऱ्यांचे तुकडे जमवून, कोणता रंग कोणापाशी बसवावा हे मनाशी ठरवून, धावदोऱ्याने ती शिवणारी म्हसवडची किंवा जतची म्हातारी ही कोणत्याही अर्थाने डिझायनर आहे. तिने पदवी घेतलेली नाही आणि आपल्या कामावर सही केलेली नाही, इतकाच काय तो फरक.

तथापि हा "इतकाच" फरक बाजारात फार महाग पडतो. लोट्याला निर्माता नसला तरी चालले, कारण तो कोणाच्या उपजीविकेचा प्रश्न नव्हता. परंतु ज्या क्षणी कला हा व्यवसाय होतो, त्या क्षणापासून पैसा, कर्ज, पुरस्कार आणि शिकण्याची संधी ही सर्व नावाच्या मागे धावतात. आणि नाव बहुधा त्याचे होते, ज्याला घराबाहेर पडावयास वेळ असतो.

वेळ कोणाचा?

घर आणि काम एकाच अंगणात होते, तेव्हा सारे सुखाने चालले होते, असे मानण्याची आपल्याला सवय आहे. चरख्यापाशी पाळणा, पाळण्यापाशी चूल, असे एक गोड चित्र आपण रंगवितो. त्या चित्रात थोडे सत्य आहे. मूल आईच्या नजरेपुढे राहत होते, आणि लोकर कशी निवडावी ते पाहता पाहता शिकत होते. पण त्या अंगणात कामाला सुरुवात होती, शेवट नव्हता. भाकऱ्या थापणे, पाणी आणणे, पाहुणा आला तर चहा ठेवणे, सासऱ्यांची औषधे, मुलांचा अभ्यास या सगळ्यांच्या फटीत जो वेळ सापडेल तो कताईचा. माग खड्ड्यात रोवलेला असतो, त्यावर बसलेल्या माणसाला सहसा कोणी उठवीत नाही. चरखा उचलून ठेवता येतो, आणि म्हणून तो दिवसातून दहा वेळा उचलून ठेवावा लागतो. कारागिराला लागणारी सर्वांत दुर्मीळ वस्तू म्हणजे सलग वेळ. तो याच वाटणीत हरवतो. रंगसंगतीचा नवा विचार, काठाची नवी वीण, एखादी चूक उसवून पुन्हा करण्याची उसंत या गोष्टी तुकड्या-तुकड्यांच्या वेळेत होत नाहीत.

हा केवळ भावनेचा प्रश्न नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२४ साली केलेल्या वेळेच्या वापराच्या पाहणीत असे आढळले, की घरकामाचा वाटा उचलणाऱ्या स्त्रियांचा त्या बिनमोल कामात दिवसाकाठी सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो; घरकामात हात घालणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटे. जे पुरुष त्या कामाला हातच लावीत नाहीत, ते या सरासरीत नाहीत, हेही ध्यानात घ्यावे. २०१९ च्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे २९९ आणि ९७ असे होते. म्हणजे पाच वर्षांत स्त्रीचे ओझे दहा मिनिटांनी हलके झाले. पुरुषाचेही नऊ मिनिटांनी झाले. दोघांमधील अंतर जवळजवळ जसेच्या तसे राहिले.

माणदेशात या आकड्यांना आणखी एक धार आहे. येथील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या पोटासाठी बाहेर पडत आला. खानापूर-आटपाडीकडील गलाई कारागीर सोन्या-चांदीच्या कामासाठी देशभर पसरले. साताऱ्याची माणसे मुंबईच्या गिरण्यांत आणि माथाडी कामात शिरली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर त्यांतील कित्येकजण रिकाम्या हातांनी गावी परतले. पुरुष दूर असताना घर, शेत, जनावरे आणि म्हातारी माणसे यांचा भार ज्या बाईने वाहिला, तिला आता आपण तोल सांभाळण्याचे धडे द्यावे, हा मोठाच विनोद म्हणावा लागेल. एकत्र कुटुंबात मुले आपोआप वाढत, असेही म्हटले जाते. ती आपोआप वाढत नव्हती, कोणीतरी दुसरी बाई त्यांना वाढवीत होती. तिच्याही हातांत काही कला असेल, तर ती तशीच विरून गेली.

नाव होते तेव्हा

घरातली कला व्यवसाय झाली म्हणजे काय घडते, याचे एक उदाहरण आपल्याच राज्यात आहे. वारल्यांच्या घरी लग्नाच्या वेळी भिंतीवर चौक लिहिण्याचे काम सवाशिणींचे असे. ती स्त्रियांची कला होती आणि तिला विधीचे स्थान होते. १९७० च्या दशकात विणकर सेवा केंद्राचे भास्कर कुलकर्णी डहाणूकडे गेले, कागद आणि रंग घेऊन गेले, आणि भिंतीवरची चित्रे बाजारात आली. जिव्या सोमा मशे हे त्या कलेचे अग्रणी झाले. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री मिळाली, आणि २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा जगभरातील कलारसिकांनी हळहळ व्यक्त केली. मशे यांची प्रतिभा वादातीत आहे, आणि त्यांच्या कीर्तीत उणे काढण्याचा येथे हेतू नाही. परंतु सवाशिणींच्या हातातली कला चित्रकाराचा पेशा झाली, तेव्हा तिच्यातील प्रसिद्ध नावे प्रामुख्याने पुरुषांची झाली, हे नजरेआड करता येत नाही. प्रदर्शनासाठी शहरात आठ-आठ दिवस राहणे, परदेशी जाणे, गिऱ्हाइकाशी बोलणी करणे यांसाठी घरची जी मोकळीक लागते, ती बहुतेक सवाशिणींना मिळाली नव्हती.

हे केवळ मागासलेल्या खेड्यात घडते, असेही समजू नये. जर्मनीत १९१९ साली स्थापन झालेल्या बाउहाउस या विख्यात संस्थेने स्त्री-पुरुष समतेची घोषणा केली होती. प्रत्यक्षात तेथे आलेल्या बहुतेक मुलींना विणकामाच्या कार्यशाळेकडे वळविण्यात आले. त्या मुलींनी त्याच मागांवर असे काम केले, की ती कार्यशाळा संस्थेच्या सर्वांत यशस्वी कार्यशाळांपैकी एक ठरली. तिच्या प्रमुख गुंटा श्टोल्त्सल या तेथील मास्टरपदावर पोचलेल्या पहिल्या स्त्री. १९२९ साली त्यांना मुलगी झाली, आणि १९३१ साली संस्थेतील कारस्थाने आणि बाहेरचा वाढता विद्वेष यांच्या दडपणाखाली त्यांना पद सोडावे लागले. पुढे स्वित्झर्लंडमध्ये त्यांनी विणकाम चालू ठेवले. युरोपातील सर्वांत पुढारलेल्या कलाशाळेची ही कथा असेल, तर म्हसवडच्या सणगर गल्लीला एकटीला दोष देण्यात अर्थ नाही.

आपल्या सरकारी कागदांत या प्रश्नाचे प्रतिबिंब कसे उमटते, तेही पाहू. २०१९-२० च्या चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेनुसार देशात विणकर आणि त्यांना पूरक कामे करणारे मिळून सुमारे ३५ लाख कामगार आहेत; त्यांपैकी सुमारे ७२ टक्के स्त्रिया आहेत. म्हणजे हातमाग हा मुख्यतः स्त्रियांचाच धंदा आहे. तरीही "विणकर" म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पुरुष उभा राहतो. १७ सप्टेंबर २०२३ रोजी पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू झाली. शिंपी, कुंभार, लोहार, चर्मकार, बुरूड अशा १८ व्यवसायांना प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्य आणि तारणाशिवाय सवलतीचे कर्ज देणारी ही योजना स्वागतार्ह आहे. पण तिच्यात एक अट आहे: पती, पत्नी आणि अविवाहित मुले मिळून होणाऱ्या कुटुंबातील एकाच व्यक्तीला लाभ मिळेल. सरकारी तिजोरीच्या दृष्टीने ती अट समजण्यासारखी असेलही. परंतु ज्या घरात नवरा आणि बायको मिळून एकच वस्तू घडवितात, त्या घरातून अर्जावर कोणाचे नाव जाईल, हे सांगावयास ज्योतिषी नको.

कोल्हापुरी चपलेचेच पाहा. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि कोल्हापूरबरोबर सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील चार जिल्हे त्यात आले. जून २०२५ मध्ये मिलान येथील प्रदर्शनात प्राडा या इटालियन कंपनीने तशाच घाटाच्या चपला श्रेय न देता मांडल्या, तेव्हा महाराष्ट्रात संताप उसळला, आणि तो योग्यच होता. कंपनीला भारतीय प्रेरणा मान्य करावी लागली. परंतु चपलेवरील कातड्याची बारीक वेणी घालण्याचे नाजूक काम घरोघर कितीतरी ठिकाणी स्त्रिया करतात, त्यांचे श्रेय आपण तरी देतो काय? मिलानने कोल्हापूरचे नाव घेतले नाही म्हणून आपण रागावलो. कोल्हापूरच्या दुकानातही त्या वेणीवालीचे नाव नसते.

म्हसवडचा धडा

या प्रश्नाला उत्तरच नाही, असे मानून बसण्याचे कारण नाही. उत्तराची दिशा याच म्हसवडने दाखविली आहे. लोहारकाम करून पोट भरणाऱ्या येथील एका बाईला पावसाळ्यात पालावर टाकण्यासाठी प्लॅस्टिकचा कागद घ्यावयाचा होता, आणि त्यासाठी ती रोज थोडे पैसे साठवू इच्छीत होती. एवढी लहान रक्कम घेण्यास बँकेने नकार दिला. जयप्रकाशजींच्या चळवळीतून पुढे आलेल्या आणि विवाहानंतर म्हसवडला स्थायिक झालेल्या चेतना सिन्हा यांनी स्त्रियांचीच बँक काढण्याचे मनावर घेतले. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज फेटाळला, कारण अर्ज करणाऱ्या बायकांत अंगठा उठविणाऱ्या होत्या. बायका खचल्या नाहीत. त्या साक्षरतेच्या वर्गाला बसल्या, पुन्हा अर्ज घेऊन गेल्या, आणि व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करून दाखवितो, असे त्यांनी अधिकाऱ्यांना ठणकावले. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. पुढे २००६ पासून स्त्रियांसाठी उद्योगशिक्षणाची शाळा निघाली, आणि जी बाई शाळेत येऊ शकत नव्हती तिच्या दारी ती शाळा बसगाडीतून पोचली. २०१८ साली दाव्होसच्या जागतिक आर्थिक परिषदेच्या सहअध्यक्षांत सिन्हा होत्या.

या हकिकतीतला खरा धडा दाव्होसमध्ये नाही. मजुरीवर जाणाऱ्या बाईला बँकेच्या वेळेत येता येत नाही, हे दिसताच या बँकेने तिला वेळेचे नियोजन शिकविले नाही. ती आपला माणूस घेऊन बाईच्या दारात, बाजारात गेली. तोल सांभाळण्याची जबाबदारी तिने बाईच्या खांद्यावरून काढून संस्थेच्या खांद्यावर घेतली. याच बुद्धीने हस्तकलेच्या साऱ्या संस्था चालल्या, तर निम्मा प्रश्न सुटेल.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो प्रामाणिक आहे. बाईने घरीच बसून काम करावे, हीच सोय उत्तम नव्हे काय? मूल डोळ्यांपुढे, चूल हाताशी आणि चार पैसे पदरात. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात बायकांनी ८० रुपयांच्या उसनवारीवर सुरू केलेला लिज्जत पापडाचा उद्योग याच सोयीवर हजारो संसारांना आधार देऊन गेला. पीठ केंद्रावरून न्यायचे, पापड घरी लाटायचे, दुसऱ्या दिवशी ते देऊन मजुरी घ्यायची. शिवाय लाटणारी बहीण ही उद्योगाची भागीदार. हे यश मोठे आहे, आणि लाटणारीला नोकर न मानता मालकीण मानण्याचा त्यातील विचार अनुकरणीय आहे. परंतु पापड आणि घोंगडी यांत एक अंतर आहे. पापड एकासारखा एक व्हावा, यातच त्याची कसोटी आहे. कलावस्तू एकीसारखी एक झाली, तर ती गिरणीशी आणि पानिपतच्या स्वस्त ब्लँकेटांशी स्पर्धा करून हरणार हे ठरलेले. घोंगडीला तगावयाचे असेल, तर तिला नवा घाट, नवा उपयोग, नवी रंगसंगती हवी. त्यासाठी कारागिणीला दुसरे माग पाहावे लागतील, शहरातील गिऱ्हाइकाची आवड समजून घ्यावी लागेल, चार समव्यवसायी बायकांशी वाद घालावा लागेल. घराच्या चार भिंतींत बसून मजुरी होते; कलेत नवे पाऊल पडावयाचे असेल, तर उंबरा ओलांडावाच लागतो.

पाळणा आणि अंगण

उंबरा ओलांडताच मुलाचा प्रश्न येतो. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पगारी रजा १२ वरून २६ आठवड्यांवर गेली, आणि ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर सक्तीचे झाले. नोकरदार स्त्रीच्या दृष्टीने हे मोठे पाऊल होते. परंतु घरी चरखा चालविणाऱ्या बाईची आस्थापना कोणती? तिचा मालक कोण? तिला रजा कोणी द्यावी? जिच्या अंगणात एकच कामगार आहे, तिच्यासाठी पाळणाघर बांधण्याचे बंधन कोणावरही नाही.

या ठिकाणी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे स्मरण होते. १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ नंतर कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी जे काम केले, त्यात एक मूलभूत सूत्र होते: मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाकडे जावे. त्यातून अंगणवाडी निघाली, गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. पुढे २ ऑक्टोबर १९७५ पासून केंद्र सरकारच्या एकात्मिक बालविकास योजनेने अंगणवाडी गावोगाव नेली. आज ती दिवसातील काही तासच चालते. आईच्या कामाच्या वेळेशी तिची सांगड घातलेली नाही. जेथे कारागीर स्त्रियांची वस्ती आहे, तेथे अंगणवाडीलाच पूर्ण दिवसाच्या पाळणाघराची जोड मिळाली, आणि तिच्या शेजारी चार-सहा माग व चरखे मावतील अशी एक सामायिक कामशाळा असली, तर बाईला दिवसातले चार सलग तास सापडतील. मिशन शक्तीखाली २०२२ पासून अंगणवाडीला पाळणाघराची जोड देण्याची "पालना" योजना आहेच. कामशाळेची जागा निवडताना तिची आठवण ठेवावी, एवढेच मागणे आहे.

दुसरे असे, की जेथे पती-पत्नी मिळून वस्तू घडवितात, तेथे योजनांच्या नोंदींत दोघांची नावे लागली पाहिजेत. कर्ज एकच असो, कारागीर दोन आहेत हे कागदाने मान्य करावे. तिसरे, वस्तूचा भाव ठरविताना मजुरी आणि कल्पकता यांचे मोल वेगळे धरावे. शहरातील एखादी प्रशिक्षित डिझायनर गावात येऊन नमुना देते, तेव्हा तिला मानधन मिळते. गावातील बाई नमुना सुचविते, तेव्हा तो तिच्या मजुरीतच धरला जातो. हा भेद न्यायाचा नाही. चौथे, प्रदर्शनांत आणि मेळ्यांत जागा देताना लहान मूल घेऊन येणाऱ्या कारागिणीच्या निवासाची सोय गृहीत धरलेली असावी. यांतील एकही गोष्ट आकाशातले चांदणे आणून देण्यासारखी नाही.

आणि पाचवी गोष्ट सरकारच्या हाती नाही. २८९ आणि ८८ मिनिटांमधले अंतर कोणताही कायदा बुजवू शकत नाही. ते घरातल्या पुरुषानेच बुजवावयाचे आहे. जो हात फणी ठोकतो, त्याला भाकरी थापता येत नाही असे मानण्यास आधार नाही. सणगराच्या घरी खळ शिजवावयाची ती चुलीवरच.

आपण काय करू शकतो

हे सारे वाचून, आपण तर शिक्षक, कारकून किंवा विद्यार्थी आहोत, आपल्या हाती काय आहे, असे वाचकाला वाटेल. वस्तुतः या प्रश्नाच्या किल्ल्या बऱ्याच अंशी त्यांच्याच खिशात आहेत. महाराष्ट्र सरकारच्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या नावानंतर शासकीय कागदांत आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव लागते. ही मुले आता लवकरच बालवाडीच्या दारात येतील. त्यांच्या अर्जावर आईचे नाव असेल, पण आईच्या व्यवसायाच्या रकान्यात काय लिहिले जाईल? लोकर निवडणारी, सूत कातणारी, वाकळ शिवून विकणारी बाई अर्ज भरताना स्वतःच "काही नाही" म्हणते, आणि समोरचा माणूस "गृहिणी" असे लिहून मोकळा होतो. शिक्षकाने त्या वेळी एकच प्रश्न अधिक विचारावा: "बाई, घरी काय काम करता?" योजनेचा अर्ज घेणाऱ्या कारकुनाने तोच प्रश्न नवऱ्याबरोबर आलेल्या बायकोला विचारावा. विद्यार्थ्याने आपल्या आईचे, आजीचे काम एकदा वहीत उतरवून पाहावे. किती तास, किती टप्पे, किती निर्णय. लिहिले गेले म्हणजे मोजले जाते, आणि मोजले गेले म्हणजे त्याची किंमत मागता येते.

यात पणाला काय लागले आहे, ते शेवटी स्पष्ट म्हटले पाहिजे. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी, तिला बाजारात उठाव नाही. कातरणीचा खर्चही निघत नाही म्हणून कित्येक ठिकाणी लोकर टाकून दिली जाते. ही कला टिकेल की नाही, हे आता सणगराच्या आणि धनगराच्या मुलींवर अवलंबून आहे. त्या शिकल्या आहेत, शहाण्या झाल्या आहेत. आपल्या आईने आयुष्यभर काम केले, तिच्या नावाचा कागद कोठेही नाही, तिच्या दिवसाला शेवट नव्हता, हे त्यांनी पाहिले आहे. अशा मुलीने चरख्याकडे पाठ फिरवून दुसरी वाट धरली, तर तिला परंपरेची शपथ घालण्याचा अधिकार आपल्याला पोचत नाही. तिने ही कला हातात घ्यावी असे वाटत असेल, तर त्या कलेबरोबर तिला वेळ, मोल आणि नाव ही तिन्ही द्यावी लागतील. तेवढी तयारी नसेल, तर पुढच्या पिढीत घोंगडे फक्त वाक्प्रचारातच भिजत पडलेले सापडेल.